मिस्टरांची सही

बँकेच्या फॉर्मवर 'वैवाहिक स्थिती' नावाचा रकाना असतो. त्यापुढे तीन चौकोन होते. विवाहित, अविवाहित, इतर. मी पेन हातात धरून त्या चौकोनांकडे इतका वेळ बघत बसले, की समोरचा लोनवाला पोरगा म्हणाला, "मॅडम, चष्मा घरी राहिला का?"

चष्मा डोळ्यांवर होता. नवरा घरी राहिला होता. म्हणजे त्याच्या घरी. मी चार वर्षांपूर्वी दोन बॅगा, एक पाच लिटरचा कुकर आणि वाळंब्यांचं व्याकरण घेऊन तिथून निघाले, ते तिथून जवळच एका भाड्याच्या खोलीत येऊन राहिले. भांडण असं झालंच नाही. भांडायला दोघं एका वेळी जागे असावे लागतात. संमतीने घटस्फोट घ्यायचा हेही ठरलं होतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब प्रमाणे त्याआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. आमचं ते वर्ष पूर्ण झालं. मग दुसरं झालं, तिसरं झालं. 'एकदा बसून ठरवू' यातलं बसणंच काही जमेना. ज्या दोन माणसांना कधी एका मताने पंखा कितीवर ठेवायचा हे ठरवता आलं नाही, ती घटस्फोट एका मताने कुठून मागणार?

"इतर करू का?" मी विचारलं.

"इतर म्हणजे काय मॅडम?"

"विभक्त."

"विभक्त म्हणजे सासू-सासरे वेगळे राहतात ना? मग विवाहितच."

त्याचं काही चुकलं नाही. आपल्याकडे विभक्त हा शब्द कुटुंबाला लावतात, रेशनकार्डाला लावतात. नवरा-बायकोला लावायचा म्हटला की लोक आवाज खाली आणतात. मी शाळेत आठवी ते दहावीला मराठी शिकवते. वीसेक वर्षं फळ्यावर विभक्तीचा तक्ता काढतेय. षष्ठी, चा-ची-चे, अर्थ संबंध. पंचमी, ऊन-हून, अर्थ अपादान, म्हणजे दुरावा. आमच्या बाबतीत पंचमी लागली खरी, पण षष्ठीचा प्रत्यय काढायला कोणी गेलं नाही. असला शब्द व्याकरणात चूक धरतात. बँकेत तो विवाहित धरतात.

पोराने खूण केली आणि म्हणाला, "मग मिस्टरांची सही लागेल."

"घर मी घेतेय."

"हो मॅडम."

"पगार माझा आहे."

"हो मॅडम."

"हप्ता मी भरणार आहे."

"हो ना मॅडम. फक्त मिस्टरांची सही."

हा पोरगा बँकेचा नव्हता. बँकेला गिऱ्हाइकं आणून देणारा होता. त्याचं ऑफिस म्हणजे त्याची मोटरसायकल आणि स्टेशनरी म्हणजे माझं पेन. त्याच्या बोलण्यात माझं आयुष्य म्हणजे एक 'फाइल' होती. फाइल 'लॉगिन' व्हायची होती, मग 'लीगल-टेक्निकल', मग 'सँक्शन', मग 'डिसबर्स'. मधेच तो कपाळाला आठ्या घालून म्हणायचा, "टेन्शन नका घेऊ मॅडम, प्रोफाइल चांगली आहे. फक्त मिस्टरांचा भाग जरा वीक आहे." एकवीस वर्षांत माझ्या संसाराचं इतकं नेमकं निदान कोणी केलं नव्हतं.

घर धायरीत. वन बीएचके, तिसरा मजला, पुनर्विक्रीचं, किंमत 48 लाख. मला हवे होते 35. बाकीचे तेरा आणि वरचा खर्च मी एफडी मोडून आणि बांगड्या विकून उभा केला होता. बांगड्या लग्नातल्या. सराफाने घट धरून पैसे दिले आणि विचारलं, "मोडून नवीन काय करायचं?" म्हटलं, "स्वयंपाकघराचा ओटा."

माझं वय 43, निवृत्ती 58व्या वर्षी, म्हणजे फेडायला वर्षं पंधरा. पोराने फोनवर आकडे टाकले. साडेआठ टक्क्यांनी महिना 34,466 रुपये. 180 हप्ते. एकूण 62 लाखांच्या वर. मी विचारलं, पहिल्या हप्त्यातले घराकडे किती जाणार? तो म्हणाला, साधारण 9,700, बाकी व्याज. म्हणजे पहिल्या महिन्यात माझ्या मालकीची होणार संडासातली एक फरशी. ठीक आहे. इतकी वर्षं एका घरात राहून माझ्या मालकीची तेवढीही झाली नव्हती.

घर विकणारे आजी-आजोबा होते. गुडघे थकल्यामुळे तळमजल्यावर जाणार होते. आजोबांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "मिस्टर काय करतात?"

"वेगळे राहतात."

"अस्सं. बदली झाली का? कुठे?"

"आनंदनगर."

आजोबा गोंधळले. आनंदनगर तिथून रिक्षाने पंधरा मिनिटं. इतक्या जवळ बदली झालेला माणूस घरी का येत नाही, हे कोडं त्यांना सौदा होईपर्यंत सुटलं नाही. आजींना मात्र पहिल्याच वाक्यात कळलं. त्यांनी काही न बोलता मला स्वयंपाकघरात नेलं आणि सिंकखालचा नळ कुठून गळतो ते दाखवलं.

माझ्या आईला सांगलीहून फोनवर वेगळीच काळजी. "अगं, पण बँकेला सांगायचंच कशाला? दुबईला असतो म्हणावं." मी म्हटलं, दुबईला असता तर त्याच्या पगाराची स्लिप मागतील. आई म्हणाली, "मग आजारी असतो म्हण." तिच्या मते जावई दुबईला नाहीतर अंथरुणाला, एवढ्या दोनच कारणांनी बायकोपासून लांब राहू शकतो. भाऊ मनाने मोठा. "ताई, मी राहतो को-ॲप्लिकंट," म्हणाला. पोराने तोंडाने चक्क चुक-चुक केलं. भाऊ-बहीण ही जोडी बऱ्याच बँकांना चालत नाही. नवरा-बायको चालतात, बाप-लेक चालतात. भाऊबीज चालते, भाऊ चालत नाही.

मग निघाला नावांचा घोळ. पॅनकार्डावर मी माहेरची, आधारवर सासरची, शाळेच्या सेवापुस्तकात मधलं नाव नवऱ्याचं पण आडनावाचं स्पेलिंग हेडक्लार्कच्या मर्जीचं, आणि पदवीच्या प्रमाणपत्रावर मी बाबांची. बँकेच्या हिशेबाने एकूण चार बायका कर्ज मागत होत्या आणि पगार एकीलाच होता. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या बाळांच्या नावात आपल्या राज्यात आईचं नाव वडिलांच्या आधी येतं, फार चांगली गोष्ट आहे. लग्न झालेल्या बाईचं मात्र सरकारी कागदावर जुनंच चालू राहिलं: तिचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. मी मधे काय लिहायचं? तिथे फुली मारू की नुसती रेघ?

उपाय प्रतिज्ञापत्राचा. शिवाजीनगरला कोर्टाजवळ एका नोटरीकडे पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर मी लिहून दिलं की 'वरील चारही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मीच आहे'. (ऑक्टोबर 2024 पर्यंत हेच काम शंभरात व्हायचं. स्वतः असणंही महाग झालंय.) सही करताना लक्षात आलं, चार वर्षं ज्या कामासाठी आम्ही दोघं या कोर्टात यायचं म्हणत होतो ते राहिलंच, आणि मी एकटी येऊन मी मीच असल्याचं शपथेवर सांगून चालले होते.

पुढची पायरी पत्त्याच्या पडताळणीची. एका दुपारी मी शाळेत असताना बँकेचा माणूस खोलीवर येऊन गेला. घरमालकीण काकूंनी त्याला चहा पाजला आणि माझी सगळी माहिती दिली. संध्याकाळी त्यांनी मला ती कौतुकाने परत सांगितली. "मी त्याला स्पष्ट सांगितलं हो. म्हटलं, एकट्याच राहतात, पण चांगल्या आहेत."

वाळंब्यांच्या पुस्तकात 'पण' हे न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यय म्हणून दिलंय. पहिल्या वाक्यात काही कमी आहे, उणं आहे, असं जे अव्यय दाखवतं ते. उदाहरण म्हणून पुस्तकात काय दिलंय ते आता आठवत नाही. मी मात्र तेव्हापासून वर्गात काकूंचंच वाक्य देते. मुलं वहीत उतरवून घेतात. एका मुलीने विचारलं, "बाई, 'आणि' का नाही?" तिला त्या दिवशी वर्गात सगळ्यांसमोर शाबासकी दिली. कारण सांगितलं नाही.

आणि मग आलं सिबिल.

सिबिलचा आकडा 300 ते 900 मध्ये असतो. साडेसातशेच्या वर असला की बँक उठून उभी राहते, खाली उतरत गेला की खुर्ची सरकवून लांब बसते. मी आयुष्यात कुणाचे पाच रुपये बुडवले नाहीत. वाण्याची उधारी ठेवली नाही. शाळेतल्या भिशीत दर महिन्याला पहिला हप्ता माझा. माझा आकडा आला 691.

"मॅडम," पोरगा पहिल्यांदाच टेन्शन घेऊन म्हणाला, "तुमचं ऑलरेडी एक होमलोन चालू आहे."

होतं. 2012 साली आनंदनगरचा फ्लॅट घेताना नवऱ्याच्या एकट्याच्या पगारावर कर्ज बसत नव्हतं, म्हणून मी सहकर्जदार झाले होते. फ्लॅटच्या करारावर नावं त्याचं आणि सासूबाईंचं. कर्जाच्या करारावर नावं त्याचं आणि माझं. तेव्हा मला हे फार रोमँटिक वाटलं होतं. कर्जात मी होते, घरात नव्हते, आणि याचा अर्थ कळायला मला सिबिलचा अहवाल हातात यावा लागला.

हा अहवाल प्रत्येक विवाहित माणसाने वर्षातून एकदा वाचावा. एकदा तर फुकट मिळतो. त्यात प्रत्येक कर्जाखाली महिन्यांची एक पट्टी असते आणि प्रत्येक महिन्यात हप्ता किती दिवस थकला तो आकडा. आमची पट्टी अशी: 000, 000, 000, 000. वर्षानुवर्षं तीन शून्यं, एखाद्या आदर्श जोडप्यासारखी. मग मी घर सोडल्यानंतरच्या वर्षांत अधूनमधून 026. पुन्हा 000. पुन्हा 026. पुन्हा एकदा 025, तो महिना तीस दिवसांचा होता म्हणून. समाजाला, शेजाऱ्यांना, सासूबाईंच्या भजनीमंडळाला आमचं नक्की कधी बिनसलं ते सांगता आलं नसतं. सिबिलने महिन्यासकट लिहून ठेवलं होतं. आणि तरीही त्याच्या लेखी आमचा संसार जोडीने चालूच होता. नवऱ्याने विसरायचं आणि दोघांचे गुण कापायचे, हे तर लग्नाचं मूळ तत्त्व.

त्याहून वाईट पुढे होतं. माझ्या हातात पगार येतो 82 हजार. बँक म्हणते, त्यातला साधारण निम्मा हप्त्यात जाऊ शकतो, म्हणजे 41 हजार. पण आनंदनगरचा 28 हजारांचा हप्ताही माझ्याच नावावर धरलेला. उरले तेरा हजार. तेरा हजारांत पंधरा वर्षांचं कर्ज बसतं तेरा लाखांचं. धायरीत तेरा लाखांत मला पार्किंग आणि त्यावर एक पत्रा मिळाला असता.

"हप्ता सरच भरतात ना?" पोराने विचारलं. "मग त्यांच्या खात्याचं बारा महिन्यांचं स्टेटमेंट आणा. हप्ता त्यांच्याच खात्यातून जातो हे दिसलं पाहिजे. आणि एक लेटर. त्यांच्या सहीचं."

तर अशी गंमत. मला नवऱ्याच्या सहीची गरज नाही, हे सिद्ध करायला नवऱ्याची सही हवी होती.

आम्ही भेटलो एका अमृततुल्यमध्ये, दोघांच्या घरांच्या बरोबर मधे. तो नेहमीप्रमाणे माझ्याआधी आला होता आणि नेहमीप्रमाणे चुकीच्या टेबलावर, पंख्याच्या थेट खाली, बसला होता. समोर पारदर्शक फोल्डर. कागदाच्या बाबतीत हा माणूस म्हणजे पेशवे दप्तर. 2005 सालची टोस्टरची पावतीसुद्धा काढून देईल, टोस्टर देणार नाही. बारा महिन्यांचं स्टेटमेंट त्याने रंगीत छापून आणलं होतं, हप्त्याच्या ओळी पिवळ्या केल्या होत्या आणि पानांना नंबर घातले होते. पत्राचे दोन मसुदे होते. एकात मी 'माझी पत्नी', दुसऱ्यात 'सहकर्जदार क्रमांक 2'.

"कुठला चालेल बघ," तो म्हणाला. "मला दुसरा जास्त अचूक वाटतो."

मला पण तोच वाटला. इतक्या वर्षांत आमचं पहिल्यांदा एकमत झालं ते पाऊण मिनिटात.

"सहाशे एक्याण्णव?" अहवालावर बोट ठेवून तो म्हणाला. "माझा सातशे दोन आहे."

"अभिनंदन."

"तसं नाही. तीन वेळा राहिला हप्ता. ते पाच तारखेला कापतात, माझा पगार सातला येतो. खात्यात नसले की परत जातो, मग मला वाटतं गेला, आणि पुढच्या महिन्यात त्यांचा फोन आला की कळतं." त्याने कपातली साय बोटाने काढून बशीला लावली. वीस वर्षं लावतोय. "तू असताना कसं काय जमायचं गं?"

तू असताना असं जमायचं: दर महिन्याच्या चार तारखेला रात्री दूध विरजून झालं की मी माझ्या खात्यातून त्याच्या खात्यात 28 हजार सरकवायचे. मग आठ तारखेनंतर त्याच्या कार्डाने किराणा, वीजबिल, सासूबाईंच्या गोळ्या भरून ते हळूहळू वळते करून घ्यायचे. शिक्षकाचा पगार शासनाच्या इच्छेने होतो, त्यामुळे एक महिन्याचे पैसे बाजूला ठेवायची सवय आम्हाला नोकरीच लावते. हे नऊ वर्षं चाललं. त्याला कळलं नाही, कारण पासबुक भरून आणण्याचं खातं माझ्याकडे होतं.

"चहा गार होतोय," मी म्हटलं.

बँकेत तो स्वतः आला. कागद चुकीच्या क्रमाने लावतील, अशी त्याला भीती. मॅनेजर बाईंनी आम्हा दोघांकडे पाहिलं, फोल्डर पाहिलं, पिवळ्या ओळी पाहिल्या आणि त्यांचा चेहरा खुलला. "सर, आलातच तर को-ॲप्लिकंट होऊन टाका ना. एलिजिबिलिटी वाढेल. टू बीएचके बसेल."

मी हसायला तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारून आवाज आला, "टू बीएचकेला बाल्कनी किती असतात?"

मी टेबलाखालून त्याच्या बुटावर पाय ठेवला. मॅनेजर बाईंना वाटलं, बजेटवरून.

कर्ज मंजूर झालं. 691 मुळे सव्वाआठच्या जागी साडेआठ टक्के लागले. हिशेब केला तर फरक महिन्याला 511 रुपये. त्याच्या विसराळूपणासाठी 511. सोबत राहून मी याहून कितीतरी जास्त भरत होते, म्हणून मी ते मुकाट्याने मान्य केलं.

बाकीचं भराभर झालं. एका गोष्टीसाठी मात्र शासनाला साष्टांग नमस्कार घालावासा वाटला. पुण्यात घराच्या खरेदीला 7 टक्के मुद्रांक शुल्क लागतं. 1 एप्रिल 2021 पासून घर फक्त बाईच्या नावावर असेल तर 1 टक्का सवलत आहे. फक्त बाईच्या. शेजारी नवऱ्याचं नाव आलं की सवलत गेली. 48 लाखांवर माझे 48 हजार वाचले. घराला नवऱ्याचं नाव लावायची किंमत काय असते, हा प्रश्न आपल्याकडे बायका पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींना विचारत आल्या. शासनाने आकडा काढून दिला: शेकडा एक. सुरुवातीला तर अशीही अट होती, की असं घर पंधरा वर्षं कुठल्याही पुरुषाला विकायचं नाही. 2023 मध्ये ती काढून टाकली. मला ती आवडली असती.

नोंदणीला गेलो ते दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात. पुण्यात या कार्यालयांची नावं 'हवेली क्रमांक अमुक' अशी असतात, तालुका हवेली म्हणून. वन बीएचकेची नोंद हवेलीत झाली, याचा आजोबांनाच जास्त आनंद. फोटो, अंगठा, दोन साक्षीदार. माझ्याकडून साक्षीला शाळेतल्या भूगोलाच्या बाई आणि भाऊ. भाऊ इथे चालला.

वकीलबाईंनी जाता जाता विचारलं, "मृत्युपत्र केलंय?" म्हटलं, अहो, आत्ता तर घर घेतलं. त्यांनी हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम 15 समजावून सांगितलं. मला मूलबाळ नाही. मी मृत्युपत्र न करता गेले, तर स्वतः कमावलेलं हे घर आधी नवऱ्याला. तो नसेल तर नवऱ्याच्या वारसांना. त्यानंतर नंबर माझ्या आई-बाबांचा. म्हणजे धायरीच्या तिसऱ्या मजल्यावर हक्क सांगायच्या रांगेत सासूबाई माझ्या आईच्या पुढे उभ्या होत्या. लिफ्ट नसताना. मी त्याच आठवड्यात मृत्युपत्र केलं. आईला सांगितलं तर म्हणाली, "असलं अभद्र बोलू नकोस, आणि ओटा ग्रॅनाइटचा कर."

आता राहायला येऊन काही महिने झाले. सिंकखालचा नळ आजींनी दाखवला तिथूनच गळतो. माझ्या संसारात सध्या एकाच मंडळींची ढवळाढवळ आहे, रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीची. सहा जण दर दोन महिन्यांनी मुंबईत बसतात आणि माझ्या हप्त्यांचं भवितव्य ठरवतात. मी कर्ज घेतलं तेव्हा रेपो दर 6 टक्के होता, डिसेंबर 2025 मध्ये त्यांनी तो 5.25 वर आणला. मी नणंदा, जावा, मावससासवा सगळ्यांची ढवळाढवळ पाहिलेली आहे. बसून ठरवून काहीतरी कमी करणारी ही पहिलीच.

परवा शाळेतून येताना फोन आला. वेगळीच बँक. बाईचा आवाज गोड, मागे दहा-बारा जणींचे तसेच गोड आवाज.

"मॅडम, एका होमलोनच्या बॅलन्स ट्रान्सफरसंदर्भात व्हेरिफिकेशन कॉल आहे. आनंदनगरचा फ्लॅट. अर्जदारांनी रेफरन्समध्ये आपला नंबर दिलाय."

म्हणजे त्याने खरंच मनावर घेतलं होतं. अमृततुल्यमध्ये निघताना म्हणाला होता, जुनं कर्ज दुसऱ्या बँकेत एकट्याच्या नावावर नेतो, तुझं नाव मोकळं होईल. 'एकदा बसून' न म्हणता.

"कुठल्या रकान्यात दिलाय?" मी विचारलं.

"'अर्जदारासोबत न राहणारी जवळची नातेवाईक व्यक्ती', मॅडम. नातं त्यांनी रिकामं ठेवलंय. काय लिहू?"

"पत्नी."

कीबोर्डचा आवाज थांबला. "मॅडम, हा रकाना सोबत न राहणाऱ्या—"

"बरोबर भरलाय त्यांनी."

कीबोर्ड पुन्हा सुरू झाला, जरा सावकाश. "किती वर्षं ओळखता?"

"एकवीस."

"माणूस कसा आहे, मॅडम? म्हणजे हप्ते वेळेवर भरतील ना?"

"हप्त्याची तारीख कुठली ठेवलीये तुम्ही?"

"पाच, मॅडम."

"आठ करा," मी म्हटलं. "पगार सातला होतो."